मटकीला मोड आणता आणता: तिसरी-चौथीच्या वर्गातला एक पूर्ण शोध

पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा मी घरून मोड आलेली मटकी डब्यात नेली होती. डबा वर्गात फिरवला, ‘बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, ३५ मिनिटांत पाठ संपला. पुढच्या आठवड्यात विचारलं, “मातीशिवाय बी रुजेल का?” जवळजवळ सगळा वर्ग ‘नाही’ म्हणाला. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी मातीचा कणही न लागलेली मोडाची मटकी हातात घेतली होती, आणि मटकीची उसळ तर ती कळत्या वयापासून खात होती. डोळ्यांनी पाहिलेलं आणि वहीत लिहिलेलं यांची गाठच पडली नव्हती.

तेव्हापासून हा पाठ मी दोन आठवडे चालवते. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दोनशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे एकत्र बसतात, पटावर २४ मुलं. प्रयोगशाळा नाही, आणि या कामाला ती लागतही नाही. पुढे जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं उचलून तुमच्या वर्गात वापरता यावं, म्हणून बारीकसारीक गोष्टींसकट लिहिते आहे.

मटकीच का? ती प्रत्येक घरात असते, स्वस्त असते आणि दोन दिवसांत फळ दाखवते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आठवडाभर वाट पाहायला लावली तर त्याचा प्रश्न विझतो. आणि मटकीबद्दल प्रत्येक मुलाला आधीच काहीतरी ठाऊक असतं. ते ठाऊक असलेलं अर्धवट असतं, आणि शोधाला सुरुवात तिथूनच होते.

आधी घरी

वर्गात नेण्याआधी सगळा प्रयोग स्वतः घरी करा. वाचून चालणार नाही, करायलाच हवा. त्यात दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे तुमची मटकी चांगली आहे का. जुनी, किडकी, भोकं पडलेली मटकी निम्मीसुद्धा रुजत नाही आणि मग वर्गात सगळे निष्कर्ष कोलमडतात. दुसरं म्हणजे सध्याच्या हवेत मोड यायला किती वेळ लागतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत पांढरं टोक दिसतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी हात गारठतात, तेव्हा तिसरा दिवसही उजाडतो.

मटकी किराणा दुकानातली, खायची घ्या. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा गुलाबी किंवा निळसर रंग असतो, ते मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. शालेय पोषण आहाराच्या साठ्यातली मटकीही घेऊ नये, तिचा हिशेब वेगळा असतो. मी मुलांनाच घरून एक-एक मूठ आणायला सांगते. २४ घरांची मटकी थोडी थोडी वेगळी दिसते, आणि त्यातूनही प्रश्न निघतात.

बाकीचं सामान असं: चारच्या गटाला पाच पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे धुतलेले तुकडे, वर्तमानपत्र, कफ सिरपच्या बाटलीचं मापाचं झाकण, एक भिंग, दोरा, पट्टी, चिकटपट्टी आणि पेन. काचेचे ग्लास नकोत. झाकणावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात, तेच आमचं मोजपात्र. भिंग सहा गटांत तीनच असली तरी भागतं.

आणि सुरुवात सोमवारीच करा. बुधवारी सुरू केलं तर ऐन मोड फुटायच्या वेळी शनिवारची अर्धी शाळा आणि रविवारची सुट्टी येते. मग थेट सोमवारी पाहणाऱ्या डोळ्यांना मधे काय बदललं हे दिसतच नाही, फक्त ‘झालं’ एवढंच दिसतं.

पहिला दिवस: नुसतं पाहणं

प्रत्येक गटासमोर दोन ताटल्या ठेवा. एकीत कोरडी मटकी, दुसरीत मोड आलेली. १० मिनिटं काहीही विचारू नका, काहीही सांगू नका. चित्र काढा एवढंच म्हणा, आणि चित्र मोठं काढा, वहीचं अर्धं पान भरेल एवढं. मोठं चित्र काढायला लागलं की मूल दाण्याकडे पुन्हा पुन्हा पाहतं. मग त्याला दाण्याच्या कडेचा पांढरा ठिपका दिसतो, मोड नेहमी त्याच्या जवळूनच निघतो हे दिसतं, साल कुठे फाटली तेही दिसतं. मटकीचा दाणा लहान आहे, आतलं नीट दिसत नाही. म्हणून रात्रभर भिजवलेले पावट्याचे चार दाणेही प्रत्येक गटाला द्या. साल काढून दोन डाळिंब्या, म्हणजे दाण्याचे दोन अर्धे भाग, अलगद उघडल्या की मध्ये इवलंसं मूळ आणि घडी घातलेली पानं दिसतात. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो होऊ द्या.

मग प्रश्न. मुलं बोलतील ते, त्यांच्याच बोलीत, मोठ्या कागदावर लिहून घ्या. सुधारू नका, प्रमाण भाषेत आणू नका. आमच्या भिंतीवर असे प्रश्न आहेत: ‘मटकी मेलीया का झोपलीया?’, ‘मोड खालीच का जातुया?’, ‘एक दाणा फुगलाच न्हाई, का?’, ‘आंधारात मोड येतो का?’, ‘लय पाणी घातलं तर?’, ‘मटकीला कळतं का पाणी आलंय ते?’ ज्या मुलाचा प्रश्न भिंतीवर त्याच्या शब्दांत लागतो ते मूल पुढचे दोन आठवडे त्या प्रश्नाचं मालक असतं.

प्रश्नांची निवड

शिक्षकाचं खरं कौशल्य इथे लागतं, आणि माझ्या मते बहुतेक कृतिपाठ इथेच फसतात. मुलांचे सगळेच प्रश्न करून पाहण्यासारखे नसतात. मी मुलांबरोबर बसून त्यांचे तीन ढीग करते: आपल्या हातांनी करून कळेल असे, नीट पाहून किंवा मोजून कळेल असे, आणि कुणाला तरी विचारून किंवा वाचूनच कळेल असे. ‘मटकीला कळतं का’ हा तिसऱ्या ढिगातला. ‘अंधारात मोड येतो का’ पहिल्या ढिगातला.

तिसरा ढीग केराच्या टोपलीत टाकायचा नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्या कार्यक्रमात मुलांचे असे प्रश्न पाठवायला ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहायची आणि त्यांना उत्तर यायचं. मी तीच युक्ती लहान प्रमाणात वापरते. वर्गात एक खोकं आहे, त्यात चिठ्ठ्या पडतात. शुक्रवारी एक चिठ्ठी उघडायची आणि गावात हे कुणाला माहीत असेल ते ठरवायचं. कधी कृषी सहायक, कधी शेतावरचे आजोबा, कधी पुस्तक.

‘का’ विचारणाऱ्या प्रश्नाला पहिल्या ढिगात आणण्यासाठी वळण द्यावं लागतं. ‘मोड का येतो’ हे आठ वर्षांच्या हातांना करून पाहता येत नाही. ‘पाणी नाही दिलं तर काय होईल’ हे येतं. ‘का’ चं ‘काय केलं तर काय होईल’ करायचं, एवढा एक सराव मुलांना वर्षभर द्या. दिवाळीनंतर ती आपणहून प्रश्न वळवून आणतात.

अंदाज लिहून घ्या

काहीही भिजवण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही, कारण नंतर खोडायचा मोह होतो. अंदाज चुकला तर गुण जात नाहीत हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही. त्यांना ते पहिल्या चुकलेल्या अंदाजाला तुम्ही कसं वागवता यावरून कळतं. मी फळ्यावर हात मोजून आकडे लिहिते: मातीशिवाय रुजेल, ५. रुजणार नाही, १९. तो फळ्याचा कोपरा आठवडाभर पुसायचा नाही. उत्तर माझ्या तोंडावर दिसू नये याची या वेळी फार काळजी घ्यावी लागते. मुलं बाईंच्या भुवया वाचतात.

मांडणी: फरक एकाच गोष्टीचा

आता गट आपापला प्रयोग ठरवतात. पहिल्या वेळी हमखास असं होतं: एक ग्लास कपाटात, मातीत, भरपूर पाणी घालून, दुसरा खिडकीत, फडक्यात, थोड्या पाण्यात. मग दोघांत फरक पडला तर तो कशामुळे? हे मी सांगत नाही, शर्यतीची गोष्ट काढते. एकजण अनवाणी, एकजण बूट घालून आणि वर दहा पावलं पुढून पळाला, तर जोरात कोण पळतं ते कळेल का? वर्ग एकदम ‘नाही!’ म्हणतो. मग त्यांना त्यांच्या ग्लासांकडे परत पाठवायचं. दोनतीन गट स्वतःच मांडणी बदलतात. एखादा गट बदलत नाही. त्यांना तसंच करू द्या, पुढे चर्चेत त्यांचाच ग्लास सगळ्यात जास्त शिकवतो.

शेवटी साधारण हे पाच ग्लास उभे राहतात. प्रत्येकात मोजून २० कोरडे दाणे.

पहिला, कोरड्या फडक्यावर. दुसरा, १० मिली पाणी घातलेल्या फडक्यावर, उजेडात. तिसरा अगदी दुसऱ्यासारखाच, पण वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलेला. चौथ्यात दाणे पाण्याखाली चार बोटं बुडालेले. पाचवा, ओल्या मातीत.

तिसऱ्या ग्लासाबद्दल थोडं जास्त सांगते. अंधारासाठी तो कपाटात ठेवला तर कपाटातली ऊबही खिडकीपेक्षा वेगळी असते, म्हणजे दोन गोष्टी बदलल्या. पत्र्याचा डबा उन्हात पालथा घातला तर आत भट्टी होते. म्हणून दुसरा आणि तिसरा ग्लास शेजारी शेजारी, सावलीतल्या उजेडात, आणि तिसऱ्यावर साधं पुठ्ठ्याचं खोकं. पाचव्या ग्लासात दाणे मातीच्या पोटात गाडू नका, ग्लासाच्या भिंतीला चिकटून पेरा, म्हणजे उकरावं लागत नाही. वर्तमानपत्राची सुरळी ग्लासात आतून बसवून तिच्या आणि भिंतीच्या मध्ये दाणे खोचले तर तेही फार छान दिसतं. असा एक ग्लास सगळ्या वर्गासाठी मिळून करा, तो नंतर लागणार आहे.

२० दाणे का? एकच दाणा ठेवला आणि नेमका तोच किडका निघाला तर? हा प्रश्न मुलांना विचारा, उत्तर त्यांच्याकडे असतं. शिवाय ‘२० पैकी १७’ असं म्हणायला लागलं की गणिताच्या तासाचं काम आपोआप होतं.

ओल्या ग्लासांना रोज सकाळी ५ मिली पाणी, मापाच्या झाकणाने. अंदाजाने धार सोडायची नाही.

गटातली कामं चार: सामान आणणं, मोजणं, लिहिणं, वर्गाला सांगणं. ही रोज फिरली पाहिजेत, आणि ती फिरतात की नाही हे तुम्ही पाहिलं पाहिजे. लक्ष नसेल तर तिसऱ्या दिवशी मुलगे मोजत आणि सांगत असतात, आणि मुली लिहीत व फडकी धूत असतात. कुणी ठरवून करत नाही, तरी होतं. मी दारावर कामांचा तक्ता लावते आणि तो मोडला की प्रयोग थांबवते.

नोंदी, आणि ‘मोड आला’ म्हणजे काय

मंगळवारी सकाळी मुलं प्रार्थनेआधीच ग्लासांभोवती असतात. दाणे फुगलेले असतात, काहींची साल फाटलेली असते. एक गट म्हणतो आमच्या सहांना मोड आले, शेजारचा म्हणतो एकालाही नाही. दोघांचे ग्लास सारखेच दिसतात! भांडण होतं, होऊ द्या. कारण एका गटाने साल फाटली की मोड धरला आहे, दुसरा पांढरं टोक बाहेर यायची वाट पाहतो आहे. मोजण्याआधी काय मोजायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं, ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे भांडण चांगलं शिकवतं. आमच्या वर्गाने ठरवलेला नियम: पांढरं टोक सालीबाहेर दिसलं तरच मोड. तो कागदावर लिहून ग्लासांच्या वर चिकटवला आहे.

रोजच्या नोंदीत तारीख, वेळ, २० पैकी किती, एका दाण्याचं चित्र आणि एक वाक्य. मोडाची लांबी मोजायला दोरा वापरा, कारण मोड वाकडा असतो. दोरा त्याच्यावरून फिरवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. तिसरीची मुलं सेंटिमीटरमध्ये मोजतात, चौथीची मिलिमीटरमध्ये. एकत्र वर्गात दोन्ही इयत्तांना आपापल्या वकुबाचं काम इथे आपसूक मिळतं. गट करताना दोन तिसरीची आणि दोन चौथीची मुलं घ्या.

नोंद चुकीची वाटली तरी खोडू नका. ‘काल नऊ आणि आज सात कसे?’ एवढंच विचारा.

चर्चा

बुधवारी किंवा गुरुवारी गोल बसायचं, ग्लास मध्ये. माझ्याकडे तीनच वाक्यं असतात: “तुला असं का वाटतं?”, “ते कुठे दिसलं, दाखव बरं.”, “कुणाला काही वेगळं दिसलं का?” प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजते. पाच सेकंदांची शांतता शिक्षकाला फार मोठी वाटते, पण उशिरा हात वर करणारी मुलं त्याच वेळात तयार होतात. आणि ‘शाबास, बरोबर!’ हे शब्द चर्चा संपेपर्यंत तोंडातून काढत नाही. ते निघाले की बाकीची मुलं विचार थांबवतात, कारण उत्तर सापडलेलं असतं.

कोरड्या ग्लासावर एकमत चटकन होतं. ओल्या फडक्यातली मटकी रुजलेली पाहून ते १९ हात आपापसांत बघायला लागतात. ‘माती लागतच न्हाई?’ असं कुणीतरी हळूच म्हणतं. इथे घाईने ‘हो’ म्हणू नका. ‘मोड यायला लागली नाही, एवढं आपण पाहिलं. पुढे वाढायला?’ असा प्रश्न भिंतीवर चढवा. अंधारातल्या ग्लासातही मोड आलेले असतात, याचा धक्का मोठा असतो, कारण झाडाला ऊन लागतं हे त्यांना पक्कं माहीत आहे.

पाण्यात बुडालेला ग्लास त्रासदायक आहे, ते आधी सांगून ठेवते. कधी एकही मोड येत नाही, कधी काहींना इवलं टोक येऊन तिथेच थांबतं, आणि दोन-तीन दिवसांत पाणी फेसाळून वास मारतं. मुलांना सरळ उत्तर मिळत नाही. ‘भिजलेली तर आहे, मग अडलं काय?’ हा प्रश्न घेऊन मी त्यांना रोजच्या अनुभवाकडे नेते. आपण उसळीची मटकी रात्रभर भिजवतो, पण मग पाणी काढून फडक्यात का बांधतो? पाण्यात का नाही राहू देत? इथून हवेपर्यंतचा रस्ता पुष्कळदा मुलंच काढतात. नाही काढला तर मी सांगते: दाण्यालाही श्वास घ्यायला हवा लागते, पाण्याखाली ती पुरेशी मिळत नाही. दोन दिवस झुंजलेल्या मुलाला ते एक वाक्य पुरतं. सांगायचंच नाही असा हट्ट मी धरत नाही. कधी सांगायचं, एवढंच सांभाळते.

उंच वाढलेली अंधारातली मटकी

दुसऱ्या आठवड्यासाठी दुसरा आणि तिसरा ग्लास तसाच चालू ठेवा. खोकं फक्त पाणी घालताना आणि मोजताना उचलायचं. सोमवारी मोजलं की एक विलक्षण गोष्ट दिसते: अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच! निष्कर्ष तयार असतो, ‘झाडाला अंधारात चांगलं वाढता येतं.’ मोजमाप त्यांच्या बाजूने आहे, दोरा आणि पट्टी खोटं बोलत नाहीत.

हा सगळ्या पाठातला माझा सर्वांत आवडता दिवस. या दिवशी शिक्षकाने तोंड मिटून घ्यायचं. फक्त म्हणा, “चांगलं वाढलंय हे कशावरून?” मग उंचीशिवाय दुसरं काय पाहता येईल याची यादी निघते: रंग, देठाची जाडी, पानांचा आकार, उभं राहतं का. अंधारातली रोपं पिवळट, बारीक देठाची, लुळी असतात. उजेडातली बुटकी, हिरवी, ताठ. आणखी चार-पाच दिवसांत अंधारातली आडवी पडतात. मग डाळिंब्यांकडे पाहायला सांगा. त्या सुरकुतून गेलेल्या असतात. साठवलेली शिदोरी संपली, आणि उजेड नाही म्हणून हिरवेपणा नाही, हिरवेपणा नाही म्हणून नवं अन्न नाही. उजेड शोधत ती रोपं नुसती लांबत गेली. मोड यायला उजेड लागत नाही पण जगायला लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं मुलांनी स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं मी जपून ठेवलं आहे.

याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या सुरळीचा तो ग्लास काढा. ‘मोड खालीच का जातुया’ या प्रश्नासाठी त्यात नवे दाणे मुद्दाम उलटे, आडवे, तिरपे खोचा. मुळं आली की ग्लास आडवा करून ठेवा, सुरळी ओली राहील एवढं पाहा. दुसऱ्या दिवशी मुळांच्या टोकांनी खाली वळण घेतलेलं असतं. पुन्हा फिरवा, पुन्हा वळतात.

आजीचा तास

पालक विचारतातच, “मटकी भिजवायला शाळेत कशाला पाठवायचं?” प्रश्न रास्त आहे. मी त्यांना वर्गात बोलावते, आणि विशेषतः आज्यांना. थंडीत मोड लवकर यावेत म्हणून त्या काय करतात ते मुलांनी मुलाखत घेऊन लिहायचं. कुणी कोमट पाण्यात भिजवते, कुणी फडक्याची पुरचुंडी चुलीच्या उबेला किंवा धान्याच्या कणगीजवळ ठेवते. मग आम्ही ते करून पाहतो: एक पुरचुंडी उबेला, एक उघड्या ओसरीवर, बाकी सगळं सारखं. ऊब हा तिसरा घटक आमच्या वर्गात आला तो आजीच्या तोंडून, पुस्तकातून नाही. ज्या आजीने कधी शाळेची पायरी चढली नव्हती तिचं म्हणणं नातवाने मोजून खरं ठरवलं, तेव्हा ती आजी वर्गात ज्या ताठ मानेने बसली होती ते मला विसरता येत नाही.

बिघडलं तर

बुरशी येतेच. बहुतेक वेळा फडकं धुतलेलं नसतं किंवा पाणी जास्त झालेलं असतं. बुरशी आलेला ग्लास वर्गाबाहेर नेऊन टाका, हाताळू देऊ नका, आणि नोंद मात्र ठेवा. मुंग्या लागल्या तर ग्लास पाण्याच्या ताटलीत ठेवा. कुणाच्या धक्क्याने ग्लास सांडला तर गटाने आकडे बनवून लिहिण्याची शक्यता असते. त्यांना सांगा, ‘सांडला’ ही सुद्धा नोंद आहे. शेजारच्या गटाचे आकडे त्यांचं नाव लिहून वापरता येतात.

प्रयोगातली मटकी खायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. ग्लासात, हातांत, फडक्यात काय गेलं असेल सांगता येत नाही. काम झालं की साबणाने हात धुणं हा प्रयोगाचाच भाग.

वेळ आणि नोंदवही

हा सगळा उद्योग सहा-सात तासिकांत बसतो. परिसर अभ्यासाच्या चार, गणिताची एक, आणि वर्णन लिहिणं व मुलाखत या मराठीच्या एक-दोन. रोजचं मोजणं परिपाठानंतरच्या १० मिनिटांत होतं. ‘अभ्यासक्रम मागे पडेल’ असं सहकारी म्हणाले तर त्यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. कृतीतून, शोधातून, धुंडाळून शिकणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलांना कशाततरी गुंतवायची हौस म्हणून आपण हे करत नाही, ते आपलं काम आहे.

आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे मुलांच्या रोजच्या कामावरून वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी, वेगळी चाचणी घेण्याची गरज पडत नाही. प्रात्यक्षिक, निरीक्षण, तोंडी काम, सगळं इथेच दिसतं. फक्त नोंदी मोघम करू नका. ‘प्रयोगात उत्साहाने भाग घेते’ यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘दोन ग्लासांत पाणी वेगळं पडल्याचं स्वतः ओळखून मांडणी पुन्हा केली’ किंवा ‘अंदाज चुकल्यावर कारण शोधलं, अजून मोजमापात दोऱ्याचा वापर जमत नाही’ यातून कळतं. मी रोज चारच मुलांकडे बारकाईने पाहते. सहा दिवसांत २४ होतात.

एकदा ही पद्धत हाताला बसली की दुसरे विषय तिच्यात सहज येतात. थंडीत मैदानावर काठी रोवून तासातासाला सावलीचं टोक खडूने टिपणं, बादलीत काय तरंगतं काय बुडतं, साखर कोणत्या पाण्यात लवकर विरघळते, मुंग्या गूळ आधी गाठतात की मीठ. विषय निवडताना मी एवढंच पाहते की मुलांना त्याचं आधीच काहीतरी ठाऊक असावं, बदलता येण्याजोगी एखादी गोष्ट त्यात असावी, आणि उत्तर चार दिवसांच्या आत दिसावं.

रुजलेली रोपं पावसाळ्यात असतील तर शाळेच्या कुंपणाकडेला लावा. अडीच-तीन महिन्यांत शेंगा धरतात, आणि ‘एका दाण्यापासून किती दाणे’ हा हिशेब मुलं न सांगता करतात.

ग्लास धुण्यापूर्वी मात्र एक काम करा. प्रत्येक ग्लासाच्या तळाशी एक-दोन दाणे असतील, दोन आठवडे भिजूनही दगडासारखे. आपण त्यांना गणंग म्हणतो, उसळीत दाताखाली येतात तेच. ‘एक दाणा फुगलाच न्हाई, का?’ हा प्रश्न भिंतीवर अजून तसाच आहे. ते दाणे पुसून काडेपेटीत ठेवा. पुढच्या सोमवारी अर्धे दाणे तसेच भिजवा आणि उरलेल्यांची साल फरशीच्या खरबरीत कडेवर हलकीशी घासून मग भिजवा. अंदाज आधी लिहून घ्या, पेनाने.